वाफशावर आलेली कुंडी

कुंडीतल्या केळीसाठी भरलेलं मिश्रण कसं आहे, हे ते कोरडं असताना कळत नाही. एकदा भरपूर पाणी द्यावं, रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी मनगटापर्यंत हात आत घालून एक मूठ वर काढावी. दाबली की तिचा गोळा व्हावा, अंगठा टेकवला की गोळा फुटावा, आणि हात झटकल्यावर तळव्यावर चिखल न उरता नुसती ओल राहावी. याला आपल्याकडे वाफसा म्हणतात. पेरणीच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही पारावर हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. गच्चीवर ड्रम भरायला घेतला की मात्र तो कुणाला आठवत नाही. तिथे सगळी चर्चा खताची होते: शेणखत किती घमेली, गांडूळखत कुठलं, पेंड कोणती. मला वाटतं, कुंडीतल्या मातीचं देखणेपण आधी तिच्या मोकळेपणात असतं आणि कसात नंतर. केळीच्या बाबतीत तर हे ठामपणे म्हणता येतं. म्हणून ज्या मिश्रणाविषयी मला लिहायचं आहे ते मी एकाच कसोटीवर वाचणार आहे: पाणी पडल्यावर ते किती लवकर वाफशावर येतं, आणि आलं की किती वेळ तिथे टिकतं.

मिश्रण दहा घमेल्यांचं आहे. घाटावरची तांबूस मुरमाड माती दोन घमेली, घाटाखालची काळी एक, चाळलेली वीटचुरी दोन, पुरतं कुजलेलं शेणखत दोन, धुतलेलं कोकोपीट दोन आणि तुऱ्हाट्यांच्या कोळशाचा चुरा एक. वर दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापला की १०० लिटरच्या दोन कुंड्या होतात. घमेलं साधारण १० लिटरचं धरलं तर एवढ्यात एक कुंडी काठापर्यंत भरते, आणि पहिल्या पाण्यानंतर चार बोटं खाली बसते. बसराईच्या एका झाडाला ती जागा पुरते. ग्रँड नैन तिच्यापेक्षा उंच जाते, पण तीही निभावते. कोकोपीट सोडलं तर यातलं सगळं जिल्ह्यातच मिळतं.

यातला प्रत्येक घटक इथे का आहे हे समजायला आधी केळीकडे बघायला हवं. केळीचं खोड म्हणून जे दिसतं ते खोड नव्हे. एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेले पानांचे तळ असतात ते. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मुळं या कंदातूनच फुटतात, बोरूएवढी जाड, पांढरी, आणि बरंच अंतर फांदी न फुटता सरळ जाणारी. मोकळ्या वावरातसुद्धा त्यांतली बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. टणक थर लागला की तो भेदण्याची ताकद त्यांच्यात नसते, ती वळसा घेतात. हवा मिळाली नाही तर टोकाकडून काळी पडून सडत येतात. आणि वर पाहावं तर पुरुषभर लांबीची पानं, उन्हात सारखं पाणी उडवणारी. ठिबकच्या वेळापत्रकात भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी धरतात. वर एवढी तहान आणि खाली एवढी नाजूक मुळं, हे दोन्ही एकाच कुंडीत सांभाळायचं आहे. मोताळ्याकडच्या एका वृद्ध बागायतदारांना मी विचारलं होतं, “काका, कुंडीतल्या केळीला पाणी किती घालायचं?” ते म्हणाले, “केयीले पाणी रोज पायजे भाऊ. पन तिचे पाय पाण्यात राह्यले नाही पायजे.” या विषयावरचं याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

केळीला ओल आवडते ही समजूत आपल्या घरांतूनच आली आहे. परसात केळ लावायची ती न्हाणीच्या मोरीपाशी, हा जुना रिवाज. सांडपाणी तिला मिळत राहायचं, सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट आणि जेवायला पानं घरचीच व्हायची. ती केळ जोमाने वाढायची, हे खरं. पण मोरीचं पाणी तिथे साचत नसे; ते थोडं थोडं येई आणि जमिनीत उतरून जाई. शिवाय गावठाणाची जमीन म्हणजे पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, केरकचरा यांनी ती भुसभुशीत झालेली असे. वावरातल्या काळीचा आणि तिचा पोतच वेगळा. मोरीच्या केळीने पाणी प्यायलं ते पांढरीत उभं राहून. आपण त्यातलं पाणी तेवढं लक्षात ठेवलं आणि माती विसरलो, आणि म्हणून गच्चीवर केळ लावताना खालच्या वावरातली काळी माती पोत्यांनी वर चढवतो.

काळ्या मातीबद्दल मला अतोनात आदर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेल्या बेसाल्टची ती झीज. पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्यापासून शेगावपर्यंत, ती खोलच खोल आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण इतके बारीक आणि थरांच्या मध्ये पाणी शिरलं की फुगणारे असतात, की एक पाऊस झाला की ती हातभर जाड ओल धरून ठेवते. कोरडवाहू कपाशी-तूर आणि रब्बीचा हरभरा या ओलीच्या भरवशावर निघतो. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा भुगा त्या भेगांत पडतो आणि पहिल्या पावसात जमीन आतल्या आत उलटते. स्वतःची नांगरट स्वतः करणारी ही माती आहे.

पण हे सगळं तिला जमतं कारण तिच्याखाली आणखी माती असते. पाणी मावेनासं झालं की वरच्या थरातलं खालचा थर ओढून घेतो, त्याच्यातलं त्याच्या खालचा. कुंडीत ही साखळी वीत-दोन विती खोलीवर तुटते. खाली भोक असलं तरी भोकापलीकडे हवा आहे, आणि हवा पाणी ओढत नाही. कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, आणि तळाशी एक थर असा राहतो जो कितीही वेळ गेला तरी निथळत नाही, मुळांनी किंवा उन्हाने प्यायला तरच कमी होतो. या थराची उंची कुंडीच्या उंचीवर नाही, मिश्रणाच्या कणांवर ठरते. कण भरड असतील तर तो दोन-चार बोटं, कण काळ्या मातीचे असतील तर जवळपास सगळी कुंडीच. म्हणून वावरात आठवड्यात वाफशावर येणारी तीच माती कुंडीत पंधरा दिवस चिखल राहते, आणि मग एकदम आकसून कडेपासून सुटते. पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपल्याला वाटतं निचरा छान आहे, आणि आत कंदाभोवतीचं ढेकूळ कोरडंच असतं. काळ्या मातीच्या कुंडीत केळ बुडून मरते आणि तहानेनंही मरते.

इथेच तळाला खापऱ्या किंवा गोटे घालण्याची पद्धतही तपासून घ्यावी. एखादी खापरी भोकावर ठेवणं ठीक. माती वाहून जात नाही. पण चार इंच गिट्टीचा थर घातला तर न निथळणारा थर नाहीसा होत नाही, तो त्या गिट्टीच्या वर बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. ती गिट्टी मातीत मिसळली असती तर उपयोगी पडली असती. याच कारणाने उथळ पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी केळीला मानवते: तळाचा ओला थर दोन्हींत सारखाच, पण उंच कुंडीत त्याच्यावर कोरड्या हवेशीर मातीची जाडी जास्त मिळते. अर्धा ड्रम सुमारे ४५ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर रुंद असतो. वरच्या फुटात पसरणाऱ्या मुळांना रुंदी आणि त्यांच्या श्वासाला उंची, दोन्ही त्यात मिळतात.

आता मिश्रणाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपला मुलूख घाटावरचा आणि घाटाखालचा असा सांगतात. मलकापूरहून येताना राजूर घाट चढला की हवा बदलते, आणि माती तिच्याआधी बदलते. घाटाखाली खोल काळी. घाटावर, बुलढाणा-चिखलीच्या बाजूच्या उतारांवर उथळ, मुरमाड, तांबूस-तपकिरी, हातात घेतली तर बोटांना खडे लागणारी. पिकाला ती हलकी पडते, पाणी पटकन सोडते. शेतकऱ्याची तिच्याबद्दल तक्रारच असते. कुंडीत नेमका हाच तिचा गुण. म्हणून मिश्रणात ती दोन घमेली आणि काळी एक. काळी मुळीच नको, असं म्हणणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे सगळं चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. काळी अजिबात नसली तर दिलेलं खत दुसऱ्या पाण्याला भोकातून वाहून जातं. दहात एक घमेलं, तेही ढेकळं फोडून, वाळवून, चाळून. मग ती इतर कणांवर पातळ बसते आणि कस धरते. हे प्रमाण दहात तीनवर गेलं की वाफसा हरवतो.

मुरूम आणि काळी दोन्हींत एक गोष्ट लपलेली असू शकते: चुनखडी. मातीवर थोडा लिंबाचा रस पिळावा. बारीक फेस आला, बुडबुडे फुटले, तर चुना आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि केळीला सहा-साडेसहाच्या आसपास बरं वाटतं. सामू चढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. नवीन निघालेलं पान फिकट पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. म्हणून केळीला राख घालायची ही आपली जुनी सवय या मिश्रणात मी पाळत नाही. राखेत पोटॅश असतं, मान्य. पण ती सामू आणखी चढवते. कोळशाच्या चुऱ्यातही थोडी राख येते, म्हणून तो एकच घमेलं आणि तोही धुतलेला.

आता ज्या घटकासाठी मी हे लिहायला बसलो तो. वीटचुरी.

वाळू का नाही, हा पहिला प्रश्न येतो. नदीची बारीक वाळू काळ्या मातीत थोडी घातली तर माती मोकळी होत नाही. चिकणमातीचे कण वाळूच्या कणांमधल्या जागा भरून काढतात आणि वाळल्यावर घट्ट ठोकळा तयार होतो. वाळूने काम व्हायचं तर ती भरड हवी आणि भरपूर हवी, आणि मग कुंडीचं वजन गच्चीला झेपत नाही. शिवाय वाळूचा कण आतून भरीव, तो पाणी ठेवत नाही. विटेचा तुकडा आतून सच्छिद्र असतो. साध्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने ही कमाल मर्यादा; माझ्या दृष्टीने हे आश्वासन, की प्रत्येक तुकडा थोडी ओल स्वतःच्या पोटात ठेवील आणि दोन तुकड्यांच्या मधली जागा हवेसाठी मोकळी सोडील. बाहेर हवा आणि आत ओल, एकाच कणात. केळीच्या मुळाला हवं ते एवढंच. मुळाची बारीक टोकं त्या तुकड्यांना चिकटून वाढतात. कुंडी उपसताना एखादा तुकडा ओढला तर त्याच्याबरोबर पांढऱ्या तंतूंचा झुपका येतो. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर शेतकऱ्यांना पांढऱ्या मुळांकडे बघायला शिकवत. वीटचुरीभोवतीचा तो झुपका पाहिला की त्यांचा आग्रह डोळ्यांना पटतो.

मात्र वीट निवडून घ्यावी लागते. भट्टीच्या कडेची कच्ची, पिवळट राहिलेली वीट पाण्यात विरघळून परत मातीच होते. तुकडा रात्रभर भिजत ठेवून सकाळी बोटांत चोळावा. बोटं लाल झाली, कडा झडल्या, तर तो टाकून द्यावा. जुन्या घरांची फुटकी कौलं फार छान, कारण ती पातळ आणि चांगली भाजलेली असतात. सिमेंटचा गिलावा चिकटलेला मलबा नको, त्याने सामू चढतो. फोडलेली वीट दोन चाळण्यांतून काढायची. हरभऱ्यापेक्षा मोठे तुकडे परत फोडायचे, आणि तुरीच्या डाळीपेक्षा बारीक जे खाली पडतं ती धूळ बाजूला ठेवायची. सगळ्या मेहनतीत लोक आळस करतात तो इथे. धूळ मिश्रणात गेली की ज्या फटींसाठी वीट आणली त्या फटी ती धूळच बुजवते.

शेणखताला मी जास्त शब्द देणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ते पुरतं कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर गरम न लागणारं, पावसानंतरच्या मातीचा वास येणारं. अर्धकच्चं शेणखत आणलं तर त्याच्याबरोबर हुमणी येते आणि ती केळीच्या मुळांवरच बसते. सोयाबीनचं कुटार आपल्याकडे ढिगांनी पडलेलं असतं, ते थेट मिसळण्याचा मोह होतो. कच्चं कुटार कुजताना मातीतलं नत्र स्वतः खातं आणि केळीची जुनी पानं पिवळी पडतात. तेच कुटार शेणकाल्यात भिजवून खड्ड्यात कुजवून घेतलं, तर शेणखताच्या दोन घमेल्यांतलं एक त्याचं असायला हरकत नाही. निंबोळी पेंड सूत्रकृमींसाठी. आणि केळीच्या जुन्या वावरातली माती कितीही सुंदर दिसली तरी कुंडीत आणू नये, कारण सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी तिच्यातूनच येतात, आणि ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते.

कोकोपीट बाहेरून येतं, तामिळनाडू-केरळातून. पण देऊळगाव राजा-सिंदखेड राजाच्या पट्ट्यात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन वाढल्यापासून ते आपल्या जिल्ह्यात अनोळखी राहिलेलं नाही. ५ किलोची वीट भिजवली की फुगून ७० लिटरच्या आसपास होते. ती मूळची समुद्रकाठची, म्हणून तिच्यात क्षार असतात. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पिळल्याशिवाय वापरू नये. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी ती धरते आणि तरी हलकी राहते. तिची मर्यादा अशी की तिच्यात अन्न नाही आणि वर्षा-दोन वर्षांत ती कुजून बारीक होते. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली केळ पहिले चार महिने इतकी टवटवीत दिसते की दुसरं काही घालावंसं वाटत नाही. पुढे पानं लहान निघायला लागतात.

हे सगळं मिसळल्यावर कसोटी घ्यावी. १० लिटरची जुनी बादली घ्यायची, तळाला पाच-सहा भोकं पाडून ती चिकटपट्टीने बंद करायची. मिश्रण काठापर्यंत भरून दोनदा आपटून बसवायचं. मग तांब्या-तांब्याने पाणी सोडायचं, वरचा भाग चकाकेपर्यंत. बुडबुडे येत राहतात, त्यांना वेळ द्यायचा. तासाभराने बादली दोन विटांवर, खाली रिकामं पातेलं ठेवून, पट्टी ओढायची. अर्ध्या तासात जेवढं पाणी पातेल्यात येतं, तेवढी जागा आता बादलीत हवेची. १० लिटरला दीड ते दोन लिटर आलं, तर मिश्रण केळीसाठी उत्तम. अर्धा-पाऊण लिटरच आलं, तर वीटचुरी वाढवावी. तीन लिटरच्या पुढे गेलं, तर मलकापूर-शेगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल. कोकोपीट किंवा काळी किंचित वाढवावी. घाटावर आणि घाटाखाली या आकड्याची निवड वेगळी असू शकते. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे उन्हाळा सौम्य आणि थंडी बोचरी. घाटावर मी दोन लिटरच्या बाजूला झुकेन, कारण थंडीत केळ पाणी कमी उचलते आणि गार ओल्या मातीत मुळं लवकर सडतात. घाटाखाली दीड लिटर पुरे.

कुंडीच्या मातीचं माप ठरवण्याची खटपट जगात इतरत्रही झाली. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत १९३० च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी बांधलेलं सूत्र आजही बागकामाच्या पुस्तकांतून चालत आलं आहे: सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग भरड वाळू. सूत्र सुंदर आहे. पण त्यातली ‘सात भाग माती’ म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे थर महिनोन्‌महिने रचून, कुजवून मिळवलेली पोयट्याची माती. तिच्या जागी पूर्णाकाठची काळी घालून ७:३:२ पाळलं तर केळीचा घात होईल. इनेस संस्थेचं खरं देणं मला त्या आकड्यांपेक्षा या आग्रहात दिसतं, की आधी माती कोणती ते सांगा आणि मग प्रमाण बोला.

आणि कुंडीतली केळ हा काही नव्या जमान्याचा शौक नाही. आपली बसराई आणि ग्रँड नैन ज्या कॅव्हेन्डिश गटातल्या, त्या गटाचं नावच एका काचघरातून आलं. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इथे डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसकडून आलेलं केळीचं रोप काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात ते निसवलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या फळांना लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीचं पदक मिळालं. पॅक्स्टनने त्याला मोकळी पोयट्याची माती, जुनं कुजलेलं खत, ऊब आणि भरपूर पाणी दिलं. ड्यूकचं घराण्याचं नाव कॅव्हेन्डिश, ते केळीला लागलं, आणि त्याच रोपाची पिल्लं मिशनऱ्यांच्या हातून प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेली. ज्या केळीचे घड आज जगभरच्या बाजारात भरतात, तिची कीर्ती माणसाने तयार केलेल्या मातीत सुरू झाली.

आपल्याकडेही शेतातली प्रत्येक टिश्यू कल्चर केळ आयुष्याचे पहिले दिवस कुंडीतच काढते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या बाजूला जी ग्रँड नैन लागते, तिची रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीतून आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये आणि मग काळ्या पिशवीत येतात. पिशवीत दीड-दोन महिने काढून, पाच-सहा पानांवर आली की ती वावरात जातात. कुंडीसाठी रोप घेताना पिशवीच्या तळाची भोकं बघावी: भोकातून पांढरं मूळ डोकावत असेल तर रोप तयार, तपकिरी मुळांचा वेढाच बाहेर आला असेल तर ते पिशवीत जास्त राहिलं. लावताना पिशवी फाडून गड्डा तसाच ठेवावा, फक्त तळाचा मुळांचा वेढा बोटांनी सैल करावा. एक धोका इथे आहे. पिशवीतलं मिश्रण नुसतं कोकोपीट असेल आणि भोवती चिकट माती, तर मुळं त्या मऊ गड्ड्यातच फिरत राहतात, बाहेर पडत नाहीत. भोवतालचं मिश्रण गड्ड्याइतकंच सैल असलं की ती महिन्याभरात ड्रमच्या कडेला पोचतात. आपल्या दहा घमेल्यांत दोन कोकोपीटची का, याचं दुसरं कारण हे.

घाटाखालच्या वाचकांसाठी पाण्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याची कितीतरी गावं त्यात येतात. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी कुंडीत घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वावरात पावसाळा ते थोडेफार धुऊन नेतो, कुंडीत ते थरावर थर साचतात. केळीच्या पानांच्या कडा करपत आत येऊ लागल्या आणि मिश्रणाच्या वर पांढरा पापुद्रा दिसला की समजावं. लोणारच्या सरोवराचं पाणी पाहिलं आहे त्यांना क्षार साचणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे सामू दहाच्या घरात आहे. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, फटी बंद पडतात, आणि आपण एवढ्या खटपटीने आणलेला वाफसा चोपण होऊन जातो. उपाय दोन. कुंडीला घालायचं पाणी शक्य तेवढं पावसाचं, छतावरून टाकीत साठवलेलं वापरावं. आणि बोअरचंच वापरावं लागलं तर दर वेळी इतकं घालावं की थोडं पाणी खालून वाहून जाईल. जाताना ते क्षार घेऊन जातं. इथेही मोकळं मिश्रणच कामी येतं. घट्ट मातीतून धुऊन काढता येत नाही.

वजनाचा विचार गच्चीवाल्यांनी आधीच केलेला बरा. १०० लिटर ओली काळी माती दीडशे किलोच्या पुढे जाते. हे मिश्रण ओलं असताना साधारण शंभर किलो भरतं, झाड वेगळं. ड्रम भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावा, स्लॅबच्या मधोमध नको. आणि दुपारच्या उन्हात काळ्या प्लास्टिकची बाजू तापून कडेची मुळं भाजतात. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट गुंडाळावं.

अन्नाचं सांगायचं तर महाराष्ट्रात शेतातल्या केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश घेतलं तर ते अनुक्रमे सुमारे ४३५, २५० आणि ३३५ ग्रॅम होतं. यातला पालाशाचा आकडा बघण्यासारखा आहे; नत्राइतकाच पालाश मागणारी पिकं थोडी. कुंडीत मी याच्या निम्म्यावर थांबेन आणि तेही पंधरा दिवसांनी चिमटी-चिमटीने, कारण एकदम पडलेलं खत मोकळ्या मिश्रणातून निघून जातं आणि मुळांनाही पोळतं. खारपाणपट्ट्यात म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं, म्हणजे क्लोराइडची भर पडत नाही. पण मुळं पांढरी असतील तरच यातलं काही झाडात जाईल. खताचा हात सैल सोडण्याआधी कडेला बोटभर खोदून एक मूळ बघून घ्यावं.

लावणीपासून अकरा-बारा महिन्यांत घड उतरतो. तोवर मिश्रण वीतभर बसलेलं असतं. कोकोपीट आणि शेणखत कुजून बारीक झालेलं, वीटचुरी जशीच्या तशी. कंदाला बगलेत पिल्लं फुटलेली असतात. अरुंद पानांचा तलवारी मुनवा एक ठेवावा, रुंद पानांचे पाणमुनवे काढून टाकावे. जुनं खोड कापल्यावर ड्रमच्या एका बाजूचं मिश्रण पावड्याने अर्ध्यापर्यंत उपसावं, ठेवलेल्या मुनव्याच्या विरुद्ध बाजूचं. मेलेली काळी मुळं निवडून काढावी, वीटचुरी चाळून परत घ्यावी, आणि त्या जागी नवं शेणखत, कोकोपीट नि थोडा मुरूम वीटचुरीत कालवून भरावा. दुसरी बाजू सहा महिन्यांनी. उपसलेलं जुनं मिश्रण तुळशीला, मोगऱ्याला चालतं, केळीच्या दुसऱ्या कुंडीत मात्र जाऊ देऊ नये. नवी बाजू भरून झाली की परत बादली काढावी, भोकांना पट्टी लावावी आणि पातेल्यात किती पाणी येतं ते मोजावं.